डांबरगोळ्यांचा वास

भाईंदर पूर्वेत भूत कुणी पाहिलंय की नाही मला माहीत नाही, पण आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल ज्यानं पाहिलेत त्याला भुताची गरज राहत नाही. उंच, वाळलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि चालताना चपलेचा आवाज म्हणून नाही. तुम्ही निवांत पुस्तक चाळत असता आणि मानेजवळून अगदी हळू प्रश्न येतो, "कोणासाठी हवंय?" माझ्या हातून दोनदा पुस्तक पडलंय. औषधं आणि रसायनांच्या पुस्तकांचं एक कपाट त्यांच्या खास ताब्यात. आम्ही त्याला 'विषाचं कपाट' म्हणायचो, अर्थात ते ऐकत नसताना. पण ते बहुतेक ऐकतच असायचे.

त्या कपाटातलं काही मागितलं की उलटतपासणी सुरू. वय किती, आधी कुठली गोळी चालू आहे, घरात लहान मूल आहे का. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यांच्यापुढे मोबाइल नाचवत आले, "काका, इसमें सब लिखा है, ये काढा पिओ और शुगर की गोली बंद." काकांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. "किसने लिखा? कौन से साल में? और बेचता क्या है?" गृहस्थांनी बोटानं खाली सरकवलं, तर शेवटी काढ्याचीच बाटली. एकदा एका बाईंनी विचारलं, संडास धुवायला अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र चालते का. काका म्हणाले, "विषारी वायू होतो. आत्ता घरी कोण धुतंय?" बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि तिथूनच सुनेला फोन लावला, आधी बाहेर ये म्हणून. काकांना कसं कळलं, कुणास ठाऊक.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नात आठ दिवसांची झाली आणि पिवळी दिसायला लागली. "सगळ्याच बाळांना होतं हो, कोवळ्या उन्हात धरा," असं अख्खा मजला सांगत होता. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, धरलंही. दुसऱ्या दिवशी पोर दूध ओढेना. आणि मी शहाणा, डॉक्टरकडे पळायचं सोडून कावीळ वाचायला वाचनालयात गेलो.

काका जवळ आले, थबकले, आणि माझ्या बाहीशी वाकून त्यांनी चक्क वास घेतला. माझ्या अंगावर काटा आला.

"पेटी कधी उघडलीत?"

"कुठली पेटी?"

"जुन्या लुगड्यांची. बाळाला आधी नवं घालत नाहीत ना आपल्यात."

खरंच होतं. बाळाला जुनेरच हवं म्हणून हिनं माझ्या आईची मऊ लुगडी पेटीतून काढली होती आणि न धुताच त्यांची दुपटी केली होती. पेटीत वर्षानुवर्षं डांबरगोळ्या. काकांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं, बरोबर पान उघडलं आणि बोट ठेवून वाचलं: काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो, या गोळ्यांच्या वाफेनं त्यांच्या रक्तपेशी फुटतात, कावीळ चढते. मग एका चिठ्ठीवर त्या गोळ्यांमधल्या रसायनाचं नाव लिहिलं, 'नॅप्थलीन'. "मी डॉक्टर नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या, हा शब्द दाखवा. अंगावरचं दुपटं काढून न्या."

डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून रक्ताची एक तपासणी वाढवली. तेच निघालं. निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त बदललं, आणि आमची पोर वाचली.

बारसं लांबलं, पण झालं. काकांना आग्रहानं बोलावलं होतं. ते दारातच उभे राहिले.

"माझी अकरा दिवसांची होती," ते म्हणाले. "आम्हाला तेव्हा हा शब्द माहीत नव्हता. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. ठरलेलं नाव ठेवायचं राहिलं."

या माणसाला आपण इतकी वर्षं घाबरत आलो याची मला फार लाज वाटली. माझ्या मुलीनं आत्याचा मान बाजूला ठेवून बाळ त्यांच्या हातात दिलं. "काका, कानात नाव तुम्ही सांगा." आणि आम्ही ठरवलेलं नाव तिनं त्यांना सांगितलं, चार अक्षरी.

काका वाकले. बाळाच्या कानाशी त्यांचे ओठ दोनदाच हलले. त्यांनी तिला काय नाव सांगितलं, हे विचारायचा धीर आमच्या घरात अजून कुणाला झालेला नाही.