हुकाखालचा माणूस

"आधी अर्थिंग, मग हात." चाचा हे दिवसातून दहा वेळा म्हणायचे, आणि म्हणताना शेजारच्या लोखंडाला बोटानं टिचकी मारायचे.

आमचं सणसवाडीला क्रेन भाड्यानं द्यायचं यार्ड. मी ऑफिसात, चाचा हूक लावायला. त्याआधी बरीच वर्षं ते एका हेलिकॉप्टर कंपनीत होते. पुढाऱ्यांना फिरवणारी नाही बरं का, डोंगरावर टॉवर आन् जनरेटर उचलून नेणारी. हेलिकॉप्टर डोक्यावर थांबतं, दोर खाली येतो, हुकात करंट उतरलेला असतो. तो सळईनं जमिनीत सोडायचा, मगच हुकाला हात. चाचा एकदा विसरले, तर "दोन दिवस बायकोचं नाव आठवलं न्हाई."

नियम सगळीकडं तोच. साहेब तापून केबिनबाहेर आले की चाचा मला मागं ओढायचे. "थांब रं. पयलं दुसऱ्या कुणाला तरी चिकटू दे."

त्या कंपनीचा इतिहास त्यांना तोंडपाठ. दोन भाऊ, एक जुनं हेलिकॉप्टर, मग दुसरं, मग तिसरं. पण ऐकताना वाटायचं, कंपनीत पायलट नव्हताच. वर पंखा आन् खाली चाचा, बास.

कँटीनमध्ये मी त्यांची नक्कल करायचो. मान मागं, डोळे धुळीनं बारीक, दोन्ही हात वर, डाव्या हाताची करंगळी फटकून बाहेर. बिहारी पोरं ओरडायची, "एक बार और!" चाचा स्वतः हसायचे. "हूक जरा वर धर, लेका. डोक्याला लागंल."

पण पाठीमागं पोरं म्हणायची, "चाचांनी हेलिकॉप्टर टीव्हीवरच बघितलंय." ते त्यांच्या कानावर जायचं. घरी एकच फोटो होता, हुकाखाली उभे असलेले. तेवढाच पुरावा.

एक दिवस त्या कंपनीचं पत्र आलं. कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय, जुन्या लोकांनी फोटो पाठवावेत. चाचा फोटो घेऊनच यार्डात आले. मी म्हणालो, "मोबाईलवर काढून पाठवू."

"मोबाईलवरचा देत्यात व्हय? इतिहास हाय त्यो!"

शिरूरच्या पोस्टातून अस्सल फोटो गेला. मग चाचा यार्डभर सांगत सुटले, "आता बघा."

पुस्तक आलं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर उघडलं. काय कागद! हात घसरत होता. पहिले मालक, हार घातलेले. मग मालकांचे वडील. मग वडिलांची बैलगाडी, खाली लिहिलेलं, 'वाहतुकीची पहिली पायरी'. मग मालकांचा कुत्रा, पायलटच्या सीटवर. तुम्ही असता तर तुम्हीही म्हणाला असता, कुत्र्याची नोकरी पक्की दिसते.

आणि मग पानभर चाचांचा फोटो. हेलिकॉप्टर अख्खं, दोर अख्खा, हूक अख्खा. खाली मनगटापाशी कापलेला. नुसते दोन हात. खाली ओळ, 'आमची झेप, आमच्याच बळावर'.

"ह्यो हात माझा हाय," चाचा म्हणाले. थांबले. "ह्यो बी."

"हातावर नाव कुठंय, चाचा?" कुणीतरी बोललं आन् सगळी हसली.

मला मात्र दिसली ती करंगळी. तीन वर्षं मी तीच विकत होतो. मी ताडकन उठलो, दोन्ही हात वर केले. "अरे बघा, हीच करंगळी! हे चाचाच हायेत!"

जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो. कँटीननं टाळ्या वाजवल्या. "लई भारी! एक बार और!"

चाचांनी पुस्तक मिटलं.

फोटो परत आलाच नाही. मी त्यांच्या वतीनं दोन पत्रं लिहिली. उत्तरादाखल त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत आली.

पुढं गुडघे बोलायला लागले आणि चाचांनी काम सोडलं. परवा बाईकवर न्हावऱ्याला त्यांच्या घरी गेलो, तर ते लेकीकडं दौंडला गेलेले. चाचींनी चहा दिला, आत जाऊन पुस्तक आणलं. "त्यांना सांगू नगं हं, म्या दाखवलं म्हून."

ते पान उघडलं. 'आमच्याच बळावर'वर पेनानं रेघ मारलेली. छापील मनगटांपासून खाली निळ्या पेनानं एक माणूस काढलेला. दंड, हेल्मेट, उघडं तोंड, पोट खऱ्यापेक्षा जरा कमी. कागद गुडघ्यापाशी संपला, म्हणून खाली जुन्या कॅलेंडरचा तुकडा चिकटवून त्यावर पाय काढले होते.

बुटांच्या नाड्यासुद्धा नीट बांधलेल्या.