जर खरी असेल तर

घरात मला सगळे 'काहूनबाई' म्हणत. बोलायला लागले तशी मी प्रत्येक गोष्टीला 'काहून?' विचारत सुटले आणि आता चाळिशी उलटली तरी ती खोड गेलेली नाही. दूध का नासलं, शेजारणीची सून सणाला माहेरीच का राहिली, विहिरीत कासव कुणी सोडलं, मला सगळं कळलं पाहिजे. देवानं या पोरीला नाक जरा लांबच दिलंय, असं आई म्हणायची.

एका 'काहून'चं उत्तर मात्र तिनं मला कधी धड दिलं नाही. तिच्या लग्नातली पैठणी ती का नेसत नाही?

वांगी रंगाची पैठणी, पदरावर मोर, काठ चार बोटं रुंद. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली, सोबत चार लवंगा. वर्षातून दोनदा आई ती बाहेर काढून घडी बदलायची, म्हणजे रेशीम एकाच जागी चिरत नाही. तेव्हा दुसरं टोक धरायला मला बोलवायची, तेही हात धुऊन, पुसून, दाखवल्यावर. नेसायचं विचारलं की उत्तर ठरलेलं: हळदीच्या वाफेनं काठाची जर काळी पडते.

आता आमचं गाव कुरुंदा. इथं हळद शिजायला लागली की वास पार उशीपर्यंत येतो, आणि लग्नसराईही नेमकी त्याच दिवसांत. त्यामुळे एकाही लग्नात ती पैठणी निघाली नाही. दिवाळीला विचारलं तर म्हणायची, मागची हळद अजून घरातच आहे की. आणि ती असायचीच, पोत्यांची थप्पी लागलेली.

पैठणी आणली होती आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी. डोंगरकड्याहून ते आले की चहाआधी हीच गोष्ट. बैलबाजारात त्यांना कधी कुणी फसवलं नव्हतं, हा त्यांचा मोठा अभिमान. लेकीच्या लग्नाला ते स्वतः एसटीनं पैठणला गेले. दुकानदारानं सारख्या दिसणाऱ्या दोन पैठण्या पुढं टाकल्या. आबांनी एक या हातात घेतली, एक त्या हातात, आणि भारी भरली ती उचलली. जर जास्त तर वजन जास्त, सरळ हिशोब. मग ते आईला विचारायचे, जर कशी हाय? आई म्हणायची, जशीच्या तशी हाय, आबा. त्यावर ते सगळ्यांकडं एकदा बघून घ्यायचे आणि मगच कपाला हात लावायचे.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला, आजीचीच पैठणी नेसणार. आईनं लगेच हळदीच्या वाफेचं कारण पुढं केलं. पण मला वाटलं, बघू तरी, हळदीनं खरंच जर काळी पडते का.

त्याच आठवड्यात हिंगोलीला साड्यांचं प्रदर्शन होतं. तिथं एक विणकर माग मांडून बसलेला. मी अर्ध्या तासासाठी गेले आणि दुपारभर त्याच्यापाशीच बसले. जरीच्या आत काय असतं, मोराचा डोळा विणायला किती वेळ लागतो, चुकलं तर उसवता येतं का, सगळं विचारून घेतलं. बिचारा कंटाळला नाही. बोटं चालवत सांगत होता. हाताच्या विणकामाची उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच नेटकी असते, म्हणाला. चांदीची जर जाळली की आतलं रेशीम केस जळल्यासारखा वास सोडतं आणि मागं पांढरी चमकती तार उरते. खोट्या जरीत तांबं असतं. ती घासली की लाल दिसते, जाळली की काळी पडते. मी हळदीच्या वाफेचं विचारलं तर तो हसायलाच लागला. असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग मी आबांचा वजनाचा हिशोब सांगितला. तेव्हा तो हसला नाही. तांब्याची जाड तार हाताला भारीच लागते, एवढंच म्हणाला.

तिथून सरळ आईकडं आले तेव्हा ती दळण आणायला गेली होती. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. मी पैठणी काढली, पलंगावर उलटी पसरली. कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून जरीचा एक धागा काढायचा, म्हणून पदराच्या आतल्या कोपऱ्यात, शेवटच्या मोराच्या पायाशी कात्री नेली, आणि थांबले. तिथला एक धागा आधीच काढलेला होता. फाटून निघाला नव्हता, नीट कापलेला होता. टोकं झिजून मऊ झालेली, म्हणजे काम जुनं.

मागं आई कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. दळणाचा डबा तिच्या काखेतच होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

तिनं डबा खाली ठेवला. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती पलंगाच्या कडेला बसली.

"तुला काय वाटलं, हे काहून-काहून तू कुठून आणलंस? पहिल्या दिवाळीलाच जाळून बघितला. मलाबी राहवलं न्हाई."

"मग?"

"काळा पडला."

पुढचं तिनं हळूहळू सांगितलं. पैठणी नेसली की बायका हात लावणार, काठ उलटून बघणार. कुणीतरी ओळखणार आणि बोलणार. तो बोल फिरत फिरत डोंगरकड्याला जाणार. म्हणून तिनं हळदीची वाफ शोधून काढली आणि पंचेचाळीस वर्षं पुरवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिनं मोरावरून हात फिरवला. रेशीम खरं होतं, हाताचं विणकाम खरं होतं. फक्त जर खोटी होती.

मला आईचं फार वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला. सगळ्या जगाच्या चौकश्या करणाऱ्या मला स्वतःच्या घरातली ही गोष्ट दिसली नव्हती.

इतक्या वर्षांत थोडा काळवंडलेला काठ आम्ही दोघींनी मऊ कापडानं पुसला. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन राहिलंय, त्याआधीच नेसू दे पोरीला, असं आईच म्हणाली.

लग्नात लेक पैठणी नेसून आबांच्या पाया पडली. नव्वदीला टेकलेला माणूस, समोरचं धूसर दिसतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग पदराचा काठ चिमटीत धरला. अंगठ्यानं बराच वेळ चोळत राहिले, बाजारात हळकुंड चोळून बघावं तसे. आई ताटातले तांदूळ उगाच सारखे करत होती. आबांनी या वेळी तिला विचारलं नाही. माझ्याकडं तोंड केलं.

"काहूनबाई, तू तर सगळं उकरून बघतीस. जर खरी हाय ना?"

मला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून माझ्यामुळं घरात किती भांडणं झाली आहेत.

"व्हय आबा," मी म्हणाले. "बराबर खरी हाय."

त्यांनी मान हलवली. पदर सोडून त्यावरची सुरकुती तळहातानं सरळ केली.

"तुझी मायबी इतकी वर्षं हेच सांगून राहिली," ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

ते का हसले, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं आणि आबांना हाताला धरून जेवायच्या पंगतीकडं घेऊन गेले.