लॅपटॉप माझा, चावी दिराच्या खात्यात

"पाया पड," म्हनला. "सगळ्यांदेखत पड. मग देतो चावी."

ओसरीवर गल्लीतल्या बाया बसल्याल्या. ब्लाउज न्यायला आलेल्या. लग्न उद्यावर आलेलं, नवरीची आई पन त्यातच. पोरगी माझ्या काखंत, दात येत हुते म्हनून किरकिर करीत. आन समोर खुर्चीवर माझा दीर, पाय लांब करून.

मी त्याची वैनी हाय. नात्यानं मोठी. सनावाराला तो माझ्या पाया पडतो, मी त्याला "सुखी राहा भाऊजी" म्हनते. तो मला म्हनतोय, पाया पड.

मी वाकले न्हाई. तर उठला आन माझा अंबाडा धरून खाली दाबलं. पोरीचं डोकं खुर्चीच्या दांडीवर आपटलं. आधी तिचा आवाजच आला न्हाई. तोंड उघडं, डोळं पांढरं, आवाज न्हाई. मग आला. एक म्हातारी म्हनली, "आरं लेकरू हाय की तिच्या हातात, मुडद्या!" नवरीची आई रिकामी पिशवी घट्ट धरून खाली बघत बसली.

माझं कपाळ त्याच्या पायाला लागलं. घामाचा वास आला. तो वास अजून जात न्हाई.

आन चावी दिली का? न्हाई. हसला. "बघतो सांच्याला," म्हनला, गाडीला किक मारली आन गेला.

कशाची चावी ते सांगते. मी लई शिकलेली न्हाई, नववीतच शाळा सुटली, तवा मागं-पुढं हुईल.

मी ब्लाउजवर नक्षी करते. मशीन हाय एम्ब्रॉयडरीचं. नक्षी आधी लॅपटॉपवर काढायची, मग पेनड्राईव्हनं मशीनमदी घालायची. मोर, कमळं, पाठीवर नवरीचं नाव. सगळं मी काढलेलं, माऊस धरून, पोरगी मांडीवर घेऊन. आमच्या देवळालीतल्या बाया, ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या पोरी, सगळ्या माझ्याकडं यायच्या. लॅपटॉप माहेरच्या पाटल्या मोडून घेतलेला. कुनाचा एक पैसा न्हाई त्यात.

पन पहिल्या दिवशी चालू केला तवा लॅपटॉपनं इचारलं, मेल कुठला? माझ्याकडं मेल न्हवता. माझं सिम पन ह्यांच्या नावावर. दिरानं नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. म्हनला, "माझा मेल टाकतो वैनी, काय फरक पडतो?"

मला बी तसंच वाटलं. लग्नात भांडी येत्यात, त्यावर देनाऱ्याचं नाव घातलेलं असतं. पातेल्यावर मामाचं नाव असलं म्हनून पातेलं मामाचं थोडंच ऱ्हातं? भाजी आपन आपलीच शिजवतो. तसंच असंल हे. म्हनलं, टाका भाऊजी.

तिथं चुकलं. आत त्यानं स्वतःला मालक केलं आन मला साधी वापरनारी. ॲडमिनिस्ट्रेटर तो.

मग नक्षीचं सॉफ्टवेअर टाकायला गेले की स्क्रीन काळवंडायचा. मराठीतच पाटी यायची, ॲडमिनिस्ट्रेटरचा पिन टाका. प्रिंटर जोडला, पिन टाका. घड्याळ चुकलं ते बरुबर करायचं, पिन टाका. एकदा तर लॅपटॉपनं माझं रोजचं सॉफ्टवेअरच बंद केलं, म्हनं हे कुनी बनवलं ठाऊक न्हाई, तुमच्या सुरक्षेसाठी थांबवलंय. माझ्या सुरक्षेसाठी! ह्या घरात सगळं माझ्या भल्यासाठीच असतंय. माहेरी जाऊ नको, तुझ्या भल्यासाठी. मोबाईल ठिव, तुझ्या भल्यासाठी. आता लॅपटॉप पन सासरची भाषा बोलाया लागला.

हाक मारायची, "भाऊजी, तेवढा पिन टाकता का?"

"चहा टाक आधी."

चहा व्हायचा. "बूट पूस." बूट पुसायचे. मग यायचा, एका हातानं बटनं झाकायचा, जसं काय मी चोर, आन पिन दाबायचा. "तुला दिला तर व्हायरस घालून बसशील, नववी नापास." बायांसमोर.

मी दाबायची राग. कारन लग्नसराई.

एक दिवस तो दोस्त घिऊन आला, लॅपटॉपवर पिक्चर बघायचा म्हनला. माझं काम अर्ध्यावर. मी म्हनले, "आज न्हाई भाऊजी, नवरीचं ब्लाउज हाय." एवढंच. दोस्तांदेखत. त्याचं तोंड काळं पडलं. "लई तोंड फुटलंय तुला," म्हनला.

दुसऱ्याच दिवशी लॅपटॉपवर अपडेट चाललं हुतं आन लाईट गेली. बॅटरी कधीचीच गेल्याली. लाईट आल्यावर चालू केला तर निळा पडदा. लांबलचक आकडा मागतोय. रिकव्हरी चावी म्हनं. ती दिल्याशिवाय एक पान उघडंना. आतलं सगळं आपोआप कुलूपबंद झाल्यालं, मला कुनी सांगितलंच न्हवतं, आन चावी गेलेली दिराच्या खात्यात. त्याच्या मोबाईलमदी. दोन बोटं हलवायची खोटी. तरी देईना. आज न्हाई, उद्या. बायांचे फोन येत हुते, मशीन गप. आन मग तो पाया पडायचा दिवस उगवला.

ह्यांना सांगितलं. माझ्या मालकांना. ट्रॅक्टरवरनं आले, उसाचा पाला अंगाला चिकटलेला. पोरीच्या डोक्यावरचं टेंगूळ दाखवलं. तर मलाच एक ठिवून दिली कानाखाली. "भावाभावात लावतीस व्हय गं?" कानात नुसती शिट्टी वाजली.

मी भाकरी थापल्या. वाढल्या. सकाळी लॅपटॉप ब्लाउजच्या पिशवीत घातला, पोरगी घेतली आन एस्टीत बसून राहुरीला गेले. कुनी बघितलं तर काय सांगू.

आधी माझ्या आधारवर सिम घेतलं. मग दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं बघितलं, म्हनला, "ताई, लॅपटॉप चांगला हाय. चावी आना."

"चावी दीर देत न्हाई."

"मग कुनी बी उघडू शकत न्हाई. चोरानं नेला तर त्याच्या हाती काय लागू नये, म्हनून असतंय हे."

"बिल माझ्या नावावर हाय."

"त्याला बिल कळत न्हाई, ताई. खातं ज्याचं, चावी त्याची."

म्हनजे कुलूप चोरासाठी, आन बाहेर मी. मला कुलपाचा राग न्हाई. कुलूप पायजेच बाईला. पन माझ्या घराची कडी लावून चावी त्याच्या खिशात, ह्याला कुनाची सुरक्षा म्हनायची?

"एकच करता येतं," म्हनला. "सगळं पुसून नवं टाकतो. तुमच्या नावानं. पन आतलं काय ऱ्हानार न्हाई."

आत माझी सगळी नक्षी. आन पोरीचे फोटो. जन्मली तवाचे, पाचवीचे, पहिल्यांदा पालथी पडली ते. मोबाईल भरला म्हनून लॅपटॉपवर टाकून मोबाईलमधले काढलेले. दुसरीकडं कुठंच न्हाईत.

एकदा वाटलं जावं परत, धरावे पाय, पडावं पुन्हा. पोरीकडं बघितलं. टेंगूळ हिरवं-निळं झाल्यालं.

"पुसा," म्हनले.

"ताई, नक्की ना? परत येत न्हाई."

"पुसा म्हनते ना!" ओरडलेच. पोरगी दचकली.

पुसलं. नवा मेल काढला, माझ्या सिमवर. नाव मी माझ्या बोटानं टाईप केलं. पिन टाकला. चावी माझ्या खात्यात गेली, ती मी डोळ्यांनी बघितली. शेवटी दुकानदार म्हनला, "बोटाचा ठसा ठिवू का? सोपं पडतं. बोट लावलं की उघडतं."

मी म्हनले, "न्हाई."

"का वो?"

सांगितलं न्हाई. बोट धरून दाबता येतं. माझ्या घरात तर लई सोपं.

तसंच झालं. सांच्याला दिरानं बघितलं, लॅपटॉप चालू, त्यावर माझं नाव. "कुनी उघडला गं?" पिन सांग म्हनून ओरडला. माझं मनगट पिरगाळलं, बोट घिऊन त्या ठशाच्या जागंवर दाबलं. एक बोट, दुसरं बोट, अंगठा. करंगळी उलटी वाकवली तवा कडकन वाजली. काय उघडलं न्हाई. मी त्याच्या हाताला चावले, रक्ताची चव येईपर्यंत सोडलं न्हाई. तो बोंबलला. सासू धावली, हे धावले, सगळे माझ्यावर.

आता करंगळीला पट्टी हाय. नवी नक्षी काढतीय, डाव्या हातानं पोरगी धरून. मोर अजून जमंना, मान वाकडी हुती.

मला भ्या वाटतं. दारात गाडी थांबली तरी पोरगी घट्ट धरते. खोटं कशाला सांगू. पुन्हा मारतील, आजच मारतील. मारा. हात मोडा. हे घर सोडायला लावलं तर पोरगी आन मशीन घिऊन जाईन, पाया कुनाच्या पडनार न्हाई. पिन माझ्या डोक्यात हाय, आन डोकं आता कुनाला वाकवून देनार न्हाई.