बाळ येणार, आणि फडताळात बुरशी

सोमवारी सकाळी टपालवाल्यानं इंग्रज बादशहाचं तोंड छापलेलं एक कार्ड हातावर ठेवलं, आणि माझी धांदल उडाली. माझ्या सासुरवाडीहून, इंदापूरहून, मेव्हण्यानं लिहिलं होतं... शुक्रवारी ताईला आणि बाळाला बैलगाडीनं तुमच्याकडं कन्हेरीला आणून पोचवतो. पोर अजून नाजूक आहे, वैद्यबुवांनी ओलसर जागेत ठेवू नका म्हणून बजावलंय.

आमची पोर सातव्या महिन्यातच जन्मली. मी एकदाच जाऊन पाहून आलो होतो... कापसात गुंडाळलेली, एवढीशी. त्या दिवसापासून तिच्या घरघरत्या श्वासाचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

मंडळी, म्हणजे माझी बायको, बाळंतपणाला गेली ती पावसाळ्याच्या आधी. तेव्हापासून घरात मी आणि माझे वडील, आबा... दोघंच. दिवसभर कॅनॉलखालच्या वांग्या-मिरच्यांत, आणि भाकरी शेजारच्या पारूकाकूंकडून. स्वयंपाकघराचं दार आम्ही नुसतं ओढून घेतलं होतं.

ते उघडलं, भिंतीतलं फडताळ उघडलं... आणि नाकात असा कुबट वास शिरला की मी मागंच सरलो. फळ्यांवर पांढरी लव, भिंतीला काळे ठिपके. त्याच भिंतीच्या पलीकडं आमची न्हाणी. तिथल्या छोट्या कपाटात शिकेकाईच्या डब्यावरही तेच.

मी आपला केरसुणी घेऊन झाडायला लागलो. आबांना खोकल्याची उबळ आली, तेवढ्यात दारातून पारूकाकू ओरडल्या, "आरं थांब की सदा! कोरडं झाडू नगंस, सगळी उडून घरभर बसंल. आदी वलं फडकं फिरव. आन तोंडाला कायतरी बांद!"

मग त्यांनी पदर खोचला आणि आम्हा दोघांना कामाला लावलं. फळ्या काढून उन्हात टाकल्या. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्यानं घासघास घासल्या, भिंतीचा सुटलेला गिलावा खरवडला.

मी विचारलं, एवढी बुरशी आली कुठून? काकू म्हणाल्या, "चूल पेटत न्हाय, दारं बंद. आन मागल्या बाजूला तुमी दोगं घंगाळभर पानी भितीवर वतताय. वाळंल कवा ती?" आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी आबांकडं.

सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मागं, एक चिनी मातीची बरणी होती. आईनं घातलेलं शेवटचं लिंबाचं लोणचं. आई जाऊन दोन वर्षं झाली. आबा ते कुणाला वाढू देत नव्हते, स्वतःही खात नव्हते... नुसतं ठेवलं होतं.

काकूंनी बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. वर बोटभर जाड हिरवट साय धरली होती.

"वरचं वरचं काढून टाकलं तर?" आबांनी अगदी हळू विचारलं. मला वाटलं होतं काकू काहीतरी फाडकन बोलतील, पण त्यांनी फक्त मान हलवली. "न्हाय भावजी. आतपातूर गेलं असंल त्ये."

आबा बरणी तिथंच ठेवून कॅनॉलच्या कडेला जाऊन बसले. मला सुचेना काय करावं. ती गुपचूप टाकून द्यायची माझी हिंमत नव्हती, आणि पोर येणार त्या घरात ती ठेवायचीही नव्हती. मी नुसताच फळ्या उलटत-पालटत उन्हात बसलो.

तासाभरानं ते परत आले. कुदळ घेतली, परड्यात खड्डा घेतला, बरणी स्वतःच्या हातानं रिकामी केली आणि माती ओढली. मग बरणी सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथी घातली.

"तिनं आसलं घरात एक दिस ठिवलं नसतं," ते म्हणाले. "मीच ठिवलं हुतं, माज्यासाठी."

त्यानंतर मात्र आबा थांबलेच नाहीत. पाणी भिंतीच्या बुडाशी साचत होतं म्हणून न्हाणीतल्या फरशा उखडल्या आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन पुन्हा बसवल्या. दोन्ही कपाटांना आतून चुन्याचे दोन हात दिले. चूल रोज पेटवली, दारं सताड उघडी ठेवली, आणि फळ्या परत लावताना भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडलं... वारा खेळायला.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. पोर आता चांगली टकमक बघत होती. मंडळीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, फडताळ उघडलं, भिंतीवर तळहात फिरवला. तिचा चेहरा सैल पडलेला मला दिसला.

मग ती आबांपुढं पोर घेऊन गेली, तर आबा मागं सरकले. हात पाठीशी.

"नगं पोरी... हात चांगलं न्हाईत माजं." चुन्यानं त्यांची बोटं फुटली होती, भेगांतून रक्त आलं होतं. चार दिवस बरोबर राबलो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मंडळीनं पोर माझ्याकडं दिली. काकूंकडून वाटीभर लोणी आणलं आणि खाली बसून म्हणाली, "मामंजी, हात द्या हिकडं." एरवी त्यांच्यासमोर मान वर न करणारी माझी बायको... एकेका बोटाला लोणी चोळत बसली. आबा लहान मुलासारखे हात पुढं करून बसले होते.

मग तिनं पोर उचलून त्या हातांत ठेवली. पोर त्यांच्या हातांत तशीच झोपून गेली, आणि तिचा श्वास मी कान देऊन ऐकला... अगदी मोकळा.

मला आईची आठवण आली, पण रडू आलं नाही. आपण या माणसाच्या पोटी जन्मलो याचं इतकं बरं मला यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.