मिठासकट दळलेलं पीठ

पाडव्याच्या तोंडावर आमची धान्याची कोठी रिकामी असते. दरवर्षीच असते. तळाशी उरलेले गहू आणि दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, भांडी घासणाऱ्या मावशींना देऊन टाकायची, कोठी खसाखसा धुवायची, गच्चीवर कडक उन्हात पालथी घालायची. मग एरंडोलच्या बाजूच्या खेड्यातून आत्यासासूबाईंच्या शेतातलं नवं धान्य आलं की त्याला एरंडेल चोळून वर्षभराचं भरून ठेवायचं. जळगावात निम्म्या घरांची हीच रीत. त्या वर्षी आम्ही कोठी गच्चीवर नेऊन पालथी घातली आणि लगेच सगळा देश बंद झाला. मेल्या कोरोनाला नेमका हाच मुहूर्त सापडला!

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे, आबा. आबा आयुष्यभर बसवर वाहक होते, उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगलेल्या, आणि म्हातारपणी हृदय अशक्त झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद म्हणजे बंद, नाहीतर अंगात पाणी साठेल आणि हृदयाला झेपणार नाही. ते काम मी अंगावर घेतलं होतं. त्यांचं वरण वेगळं, भाजी वेगळी, लोणच्याच्या बरण्या माळ्यावर. माहेरी धुळ्याला फोन केला की आई विचारायची, ‘सासऱ्यांना इतकं अळणी घालतेस, शिव्या नाही देत?’ आबा शिव्या देत नसत. पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाऊन ताट सरकवून देत. मला त्याचंच वाईट वाटायचं, पण मी ढिली पडले नाही.

पहिले काही दिवस आम्ही निभावून नेलं. मग किराणावाल्याच्या दारात चुन्याची वर्तुळं आली आणि वर्तुळात उभं राहून नंबर लागेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असायचं. तूरडाळ नाही, तेल नाही, रवा नाही. गहू थोडे मिळाले, पण दळायचे कुठे? आमच्या चक्कीवाल्याच्या गल्लीत पेशंट निघाला आणि गल्लीला बांबू बांधून टाकले. मी मिक्सरमध्ये गहू घातले तर जळका वास येऊन मिक्सरने मान टाकली, आणि दुरुस्त करणाराही घरातच बसलेला. एकच वस्तू उदंड होती, केळी. उत्तरेला जाणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या, शेतकरी रस्त्यावर उभे राहून घडच्या घड वाटत होते. कच्च्या केळांची भाजी, पिकल्या केळांची कोशिंबीर, केळांचं शिकरण. मुलगी म्हणाली, ‘आई, मी आता केळं झाले तर?’

मला तेव्हा सारखी धाकधूक असायची. डब्यात तळाशी गव्हाचं पीठ होतं, ते मी मुलीच्या दोन पोळ्यांपुरतं राखून ठेवलं होतं, कारण ती भाकरीला शिवत नाही. रोज डबा उघडायचा, वाटीने खालून खरवडायचं आणि झाकण लावायचं. उद्या हे संपलं तर काय, या एका विचाराने माझं बोलणंच बदललं होतं. साधं पाणी मागितलं तरी मी खेकसायचे.

अशात आत्यासासूबाईंचा फोन आला. त्या आबांहून मोठ्या, त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या खेड्यातली चक्की चालू होती. ‘कयनानं पीठ दयी ठेयेल शे,’ म्हणाल्या, ‘केयानी गाडी जयगावले येवाव शे, तेन्हामा धाडस.’ दळून ठेवलेलं पीठ त्या जळगावला येणाऱ्या केळीच्या गाडीतून पाठवणार होत्या. कळणा म्हणजे दादर आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकरी आणि ठेचा असला की खान्देशातल्या माणसाला दुसरं काही लागत नाही. मी फोनवरच रडायला लागले. अक्का म्हणाल्या, ‘रडू नको वं, मना भाऊ उपाशी राहीन का मी जित्ती असतांना?’

केळीची गाडी शहराबाहेरच्या नाक्यापर्यंतच येणार होती. नवरा सायकलवर गेला आणि पोत्यासकट परत आला, वर पोटरीवर पोलिसाच्या काठीचा एक वळही घेऊन आला. मी आधी पोतं बघितलं आणि मग पोटरी. त्याने ते अजून लक्षात ठेवलंय.

त्या दिवशी घर सणासारखं झालं. मी परात घेतली, गरम पाण्यात पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. आम्हा दोघांना मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. आबांना घरात उरलेल्या मूगडाळीचं अळणी वरण. त्यांनी पहिला घास घेतला, जरा थांबले, आणि म्हणाले, ‘अक्काचं दळण ते अक्काचंच.’ दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. घरात एक तरी माणूस पोटभर आणि खुशीत जेवतोय. मग रोज दोन्ही वेळेला कळण्याचीच भाकरी. जेवणाची वेळ झाली की आबा आपण होऊन पाट मांडून बसायला लागले.

पुढे एका सकाळी ते घरात घालायची चप्पल काढत होते आणि मला त्यांच्या पावलावर पट्ट्याचा खोल वण दिसला. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. ‘वय झालं बेटा,’ ते म्हणाले. दोन दिवसांनी गच्चीच्या जिन्यात मध्येच बसले. मग आडवं झोपवेना, पाठीला उशा लावून बसूनच राहायला लागले. बोलताना वाक्य अर्ध्यावर तोडून श्वास घ्यायचे.

दम लागतोय म्हटल्यावर त्या दिवसांत कुणाच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी दुधाच्या पिशव्या साबणाने धुवत होते, दाराची कडी पुसत होते, आबांना तर मी अंगणातसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. मग कोरोना आला कुठून? मी नवऱ्यावर तुटून पडले. ‘तुम्हीच आणलात! नाक्यावर गेलात, त्या गर्दीतून त्या पोत्याबरोबर घेऊन आलात!’ तो म्हणाला, ‘पीठ नको होतं का तुला?’ दोघंही आवाज दाबून भांडत होतो, कारण शेजारी ऐकतील आणि पालिकेत कळवतील ही दुसरी भीती. आमच्या पुढच्या गल्लीतले एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढले होते. त्यानंतर त्यांच्या घरच्यांना त्यांचं तोंड दिसलं नाही.

त्यातच आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात आल्या. घरोघरी विचारत फिरत होत्या, ताप, खोकला, दम कुणाला आहे का. नवरा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘सगळे ठणठणीत.’ आत आबांनी तोंडावर टॉवेल धरला होता, श्वासाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी त्यांच्या शेजारी उभी होते. आशाताई गेल्या. आपण चूक केली की बरोबर, हे मला तेव्हाही कळलं नाही.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पायांची सूज विचारली आणि लगेच म्हणाले, ‘मीठ पोटात जातंय का?’ मला राग आला. मी म्हणाले, ‘डॉक्टर, त्यांच्या ताटाला मिठाचा वारासुद्धा लागू देत नाही मी.’ ते म्हणाले, ‘मग अवघड आहे. लघवीची गोळी वाढवतो. उद्यापर्यंत दम कमी नाही झाला तर सिव्हिलला न्यावं लागेल, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथे संशयित म्हणून ठेवतील, बाकीच्यांबरोबर.’ मी आबांची पिशवी भरायला घेतली. दोन पायजमे, चष्मा, कवळीची डबी. पिशवीत ठेवताना असं वाटत होतं की मीच त्यांना घालवून देतेय. मुलगी म्हणाली, ‘आबा गावाला चालले?’ मी तिच्यावर ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. आबांची गोष्ट आम्ही त्यांना सांगितलीच नव्हती. त्या आपल्या नेहमीच्या सुरात, ‘पीठ सरनं का वं बठ्ठं? पुन्हा दयाले टाकस. या खेपले मीठ कमी टाकू का? मांगला खेपले टिकाले पाहिजे म्हनीसन मूठभर जास्तीनं टाकेल व्हतं.’

मी ‘हो हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. पिठाच्या डब्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. खारट. चांगलंच खारट. ठेच्याच्या तिखटाखाली आम्हा दोघांना ते कधी जाणवलंच नव्हतं.

कळणा दळायला देतानाच दाण्यात खडेमीठ घालतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत आहे. कळण्याचं पीठ मळताना मी कधीच मीठ घालत नाही, हातच जात नाही मिठाच्या डब्याकडे. का जात नाही, याचा विचार कधी केला नव्हता. आमच्याकडे कुणीच करत नाही. मीठ म्हणजे वरणात घालतो ते. कळण्यातलं मीठ हे मीठ नसतंच, ते दळणच असतं. मी, नवरा, अक्का, तिघंही खान्देशातच लहानाचे मोठे झालेलो, आणि तिघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही वरण अळणी ठेवून त्याच्याबरोबर मिठाच्या भाकऱ्या वाढत होतो.

मी डबा तसाच उचलून आबांसमोर नेला. ‘आबा, यात मीठ आहे.’

ते उशांना टेकून बसले होते. डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हो.’

‘हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?’

‘पहिल्या घासालाच कळलं.’

मी डबा आपटला, पीठ उडालं. ‘आणि बोलला नाहीत! आबा, मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही बोलला नाहीत!’

‘बोललो असतो तर पोरीच्या पोळ्या मला वाढल्या असत्या तू.’ ते श्वासासाठी थांबले. मग खाली बघत म्हणाले, ‘आणि खरं सांगू का बेटा, फार चव लागली गं. किती दिवसांनी.’

मी रडत होते आणि चिडलेही होते. मी म्हणाले, ‘आणि काही झालं असतं तर?’

‘तर लोकांनी म्हटलं असतं कोरोनानं गेला.’ आबा शांतपणे म्हणाले. ‘अक्काचं नाव कुणी घेतलं नसतं.’

म्हणजे सूज कशाची हे या माणसाला कळलं होतं, आणि ते कळूनसुद्धा ते रोज पाट मांडून बसत होते. नवरा दारात उभा होता, तो तोंड फिरवून आत निघून गेला.

पिशवी मी भरलेलीच ठेवली, पण न्यायची वेळ आली नाही. गोळीने आणि अळणी खाण्याने दम संध्याकाळपासून थोडा थोडा उतरला, सूज बऱ्याच दिवसांनी गेली. खायला काय द्यायचं, हा प्रश्न मात्र होताच. लोखंडी खलबत्ता काढला आणि आम्ही दोघं आळीपाळीने गहू कुटायला बसलो. त्याचा भरड दलिया, त्यात कच्चं केळं. हाताला फोड आले. मुलीच्या पोळ्यांना मी हात लावला नाही, आबांनी तशी अटच घातली होती.

अक्कांना काय सांगायचं यावर घरात बराच काथ्याकूट झाला. शेवटी फोन मीच लावला. म्हणाले, ‘अक्का, पीठ एक नंबर होतं. पण पोरीला खारट लागतं हो. या खेपेला मीठ टाकूच नका, अजिबात.’ अक्का हसल्या. ‘शहरनी पोर शे ती,’ म्हणाल्या, ‘टाकत नही, जाय.’

केळीच्या गाडीतून पुन्हा पोतं आलं. मी आधी चिमूटभर पीठ तोंडात टाकून बघितलं, मग भाकरी थापली आणि आबांना वाढली. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चव नाही गं याला.’

लग्न होऊन या घरात आल्यापासून आबांशी मी जेवण, औषध आणि मुलीची शाळा यापलीकडे काही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ‘नसू दे चव,’ मी म्हणाले. ‘आम्हाला तुम्ही पाहिजे आहात.’

त्यांनी मान खाली घातली आणि भाकरी संपवली.