दिनूचं कोरडं मचाण

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शैलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," म्हणाल्या, आणि जरा थांबून, "चहा अर्धाच घेतला होता..." त्यांचं घर अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी कोट चढवला आणि निघालो. गाडीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण डोळ्यांसमोर आला तो पस्तिशीतला दिनू, बागेला पाणी घालायचा होज पाइप हातात धरून उभा, आणि त्याच्यासमोर एका लाकडी खोक्यात बसलेला, मानेवर गार पाण्याची धार झेलणारा मी. सिग्नलला थांबलो तेव्हा मी चक्क हसत होतो. दिनकर पाटणकर माझा इतक्या वर्षांचा मित्र, आणि त्याच्या जाण्याच्या दिवशी मला हे आठवावं... आता काही आठवडे उलटलेत, तर ती गोष्ट नीट सांगतो.

ऐंशीच्या दशकातली ही हकिगत. मी नागपूरचा, दिनू साताऱ्याचा, दोघं एकाच मोटार कंपनीत इंजिनिअर. दिनूचं काम होतं गाडीच्या दाराभोवती असते ती रबरी पट्टी. पाऊस, बर्फाचं पाणी, वारा, काहीही आत येता कामा नये, एवढीच तिची जबाबदारी. चाचणीसाठी गाडी एका बंद खोलीत उभी करून चहूबाजूंनी पाण्याचे फवारे मारत, आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन थेंब शोधत बसे. आत बसणारा बहुतेक वेळा दिनूच, आणि बाहेरून फवारे सोडणारा डेल नावाचा टेक्निशियन. डेल साठीला टेकलेला, मोजकं बोलणारा माणूस. दिनू या देशात नवा असताना त्याला बर्फात गाडी चालवायला डेलने शिकवलं होतं, म्हणून दिनूला त्याच्याबद्दल फार माया.

डेलच्या भावाचं ओहायोच्या डोंगराळ भागात शेत होतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी तिकडे हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायचा आणि डेल सुट्टी घेऊन आठवडाभर गायब व्हायचा. एका वर्षी त्याने दिनूला विचारलं, येतोस का? दिनू जन्माचा शाकाहारी. तो म्हणाला, "मी काही मारणार नाही, नुसता बसेन." डेल म्हणाला, "शिकार म्हणजे बसणंच असतं."

दिनू गेला तो जीन्स, सुती स्वेटर आणि पुण्याहून आणलेला रेनकोट घालून. डबाही नेला होता. डेलने तो हुंगला आणि लसणाची चटणी गाडीतच ठेवायला लावली, कारण तिचा वास माणसाआधी हरणाला येतो. मग अंधारातच चढ चढून दोघं झाडावरच्या मचाणावर बसले. मचाण म्हणजे काय, दोन फळ्या आणि एक शिडी. वरून बारीक पाऊस सुरू झाला. नऊच्या सुमारास दिनूचे दात इतके वाजायला लागले की डेल म्हणाला, चल, उतरू या, या आवाजाने हरणं पुढच्या गावाला जातील.

सोमवारी रजा टाकून गेलेला दिनू मंगळवारी कॅंटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला, नाक लाल, आवाज बसलेला. "यार, मी दिवसभर लोकांना कोरडं ठेवायचा पगार घेतो," तो म्हणाला, "आणि स्वतः भिजून आलो." त्याला ते फार लागलं होतं. त्याने मला पुढचा अर्धा तास समजावलं की तो पावसाने भिजलाच नव्हता. चढताना अंगावर सगळे कपडे चढवले होते, त्यामुळे घाम आला, तो सुती स्वेटरने धरून ठेवला आणि बसल्यावर तोच गार पडला. "पाणी वरून येतं, वाऱ्याबरोबर येतं, आणि आतून येतं," तो म्हणाला, "आतलं सगळ्यात वाईट."

पुढच्या वर्षी तो शहाणा होऊन गेला. लोकरीचे कपडे पिशवीत घालून वर न्यायचे, हळूहळू चढायचं, वर पोचल्यावर मोजे बदलायचे, मग अंगावर लोकर चढवायची. बुडाखाली जाड गादी, कारण थंडी फळीतून चढते. शैलावहिनींची गरम पाण्याची पिशवी पोटाशी. दिवसभर बसून आला आणि काही न बघता, काही न मारता इतका खूश, की वहिनी म्हणाल्या, "सासुरवाडीला कधी एवढा वेळ बसले नाहीत." नंतर दरवर्षी तो जायचा. झाडावर शांत बसून त्याला काय मिळायचं ते त्याने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग एका वसंतात डेलच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. तो रिटायर झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिडी चढायची नाही, थंडीत भिजायचं नाही. आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो बंदूक पुतण्याला देऊन टाकायच्या गोष्टी करत होता. तक्रारीचा सूर नव्हता, पण बोलताना खिडकीबाहेर बघत होता. परतताना दिनू गाडी चालवत होता. घराच्या वळणावर म्हणाला, "मी बसवणार त्याला."

तो उन्हाळा मी दिनूच्या गॅरेजमध्ये काढला. भंगारवाल्याकडून जुन्या गाडीची सीट आणली, तिची पाठ मागे रेलते अशी. जमिनीपासून चार फुटांवर उभं राहणारं लाकडी खोकं, रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. छप्पर मागे उतरतं आणि पुढे हातभर बाहेर आलेलं, कडेखाली एक खाच, म्हणजे पाणी कडेवरून आत न वळता तिथेच टपकावं. पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून वर रबरी चटई, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून खाली गालिच्याचा तुकडा. आणि खिडक्यांच्या झडपांना अर्थातच दिनूच्या रबरी पट्ट्या, चाचणीत नापास झालेल्या. "गाडीला नापास," तो म्हणाला, "हरणाला पास."

एका रविवारी अंगणात पाण्याची चाचणी झाली. मी आत बसलो, बाहेर दिनू होज घेऊन. शेजारी आपापलं गवत कापायचं सोडून कुंपणाशी आले. शैलावहिनींनी त्यांनाही पोहे दिले.

"गळतंय?" बाहेरून आवाज.

"नाही."

"आता?"

"मानेवर," मी म्हणालो, "डावीकडून, आणि बंद कर."

त्याने बंद केलं नाही. तो इतका आनंदला होता की धावत येऊन त्याने आधी गळतीची जागा बघितली आणि मग मला टॉवेल दिला. चार रविवारांनी खोकं ठणठणीत कोरडं झालं, आणि मग लक्षात आलं की ते इतकं घट्ट बंद झालंय की माझ्या श्वासानेच काचेवर धुकं येतंय आणि थेंब ओघळतायत. दिनू कपाळाला हात लावून म्हणाला, "आतलं पाणी." त्याने खाली आणि मागे हवेसाठी दोन फटी कापल्या, वाऱ्याच्या उलट बाजूला.

खोकं सुटं करून दोन पिकअपमध्ये घालून आम्ही शेतावर नेलं आणि उंचवट्यावर उभं केलं. सीझनच्या पहिल्या दिवशी नारिंगी जॅकेट घालून डेल त्या पायऱ्या एकेक करून चढला. त्याच्या शेजारच्या स्टुलावर दिनू, मागे उलट्या बादलीवर मी. उजाडता उजाडता पाऊस लागला, मग त्यात बर्फाची कच मिसळली. एक तास गेला, दोन गेले. डेलने हातमोजा काढला, छताच्या कोपऱ्यावरून, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. दिनूच्या गुडघ्यावर थाप मारली. मग गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेतली, सीटची पाठ मागे टेकवली, आणि झोपला. मंद घोरायलाही लागला.

आणि तेव्हाच हरीण आलं. ओढ्याकडच्या झाडीतून एक मोठा नर बाहेर पडला आणि उघड्यावर, पावसात, शांत उभा राहिला. पाठ ओली, शिंगांवरून पाणी टपकतंय. मी दिनूकडे बघितलं. दिनू हरणाकडे बघत होता. तो नुसता बसून राहिला असता तर पुढच्या अर्ध्या मिनिटात ते हरीण आपोआप निघून गेलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं.  मग त्याने हात पुढे केला आणि डेलचा दंड हलकेच दाबला.

डेल जागा झाला. त्याने घाई केली नाही. त्याचा हात थरथरत नव्हता, अंग गरम होतं. एकच गोळी.

खाली उतरून दिनू हरणाजवळ गेला, टोपी काढून पावसात जरा वेळ उभा राहिला, मग आमच्याबरोबर हरणाला बांधलेला दोर ओढायला आला. डेलच्या डोळ्यांत पाणी होतं. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "मी कोरडा आहे. बघा, मी कोरडा आहे."

परतीच्या रस्त्यावर न राहवून मी विचारलं, "का उठवलंस त्याला?"

दिनूने वायपर बंद केले. "वाटलं होतं, नको उठवायला," तो म्हणाला. "पण खोकं मी हरणासाठी नाही बांधलं रे. त्याच्यासाठी बांधलं." मग थोड्या वेळाने, "आज जेवण जाणार नाही मला." पण घरी वहिनींनी वरणभात वाढला तेव्हा तो पोटभर जेवला, आणि वर तूप मागून घेतलं.

डेल त्यानंतर सात सीझन त्या सीटवर बसला. मग तो गेला, खोकं त्याच्या पुतण्याकडे राहिलं. दिनूच्या आयुष्यात नंतर पुष्कळ मोठ्या गोष्टी घडल्या, बढत्या झाल्या, मुलगी डॉक्टर झाली, नातवंडं आली. त्याच्या शोकसभेत लोक त्याबद्दल चांगलं बोलले. मला मात्र त्या ओल्या, हसऱ्या वर्षांबद्दलच बोलायचं होतं आणि तिथे ते बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिलं.

परवा सकाळपासून मार्चमधला पहिला मोठा पाऊस लागला होता. दुपारी शैलावहिनींकडे गेलो तर स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कोपऱ्यात चौपदरी घडी घातलेला पेपर नॅपकिन ठेवलेला. मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "पाऊस आला की हे ठेवायचे. थांबला की हात लावून बघायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, काय हे रिकामटेकडं काम... आज सकाळी माझ्या हातून आपोआप ठेवला गेला." पाऊस थांबेपर्यंत आम्ही चहा घेत बसलो. मग त्या उठल्या, घडी उलगडून बोटांनी चाचपली आणि माझ्या हातात दिली.

"बघा भाऊजी," त्या म्हणाल्या. "कोरडा."