घरमालकांची शांती

मनःशांतीसाठी एका माणसाने किती आरडाओरडा करावा याला काही मर्यादा असेल, असे मला नांदुऱ्यात येईपर्यंत वाटत होते. माझ्या घरमालकांनी हा गैरसमज पहिल्याच सकाळी दूर केला. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. उजाडत होते. ओसरीवर घोंगडी टाकून घरमालक ध्यानाला बसले होते आणि मिटल्या डोळ्यांनी साऱ्या गल्लीला सांगत होते, "मी ध्यान करून राह्यलो! हे बकरी कोनाची हाय थे घेऊन जा!" बकरी त्यांचीच होती.

त्यांचा उभा जन्म कापसाच्या बाजारात बोली लावण्यात गेला होता. आता आतून शांत व्हायचे, असे त्यांनी ठरवले होते आणि तसे गावातल्या प्रत्येकाला बजावले होते. घरापासून रूळ जवळ. चित्त जरा स्थिरावते न स्थिरावते तोच एखादी मालगाडी धडधडत जाई आणि घरमालक डोळे उघडून तिला शेवटच्या डब्यापर्यंत बोलत. मग त्यांनी गाड्यांच्या वेळा पाठ केल्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ध्यान बसवले. पण गाड्या उशिरा येत. एकदा ते तडक स्टेशनमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "तुमची गाडी लेट झाली का माही समाधी मोडते. याले जिम्मेदार कोन?" स्टेशनमास्तर सज्जन होते. त्यांनी चहा पाजला.

सोमवारी मौन असे. त्या दिवशी घरात फार गोंगाट होई. मीठ कमी पडले की ताट वाजे, पाणी हवे असले की तांब्या आपटे, आणि आमटी पातळ झाल्याचे ते हातांनी, भुवयांनी आणि शेवटी उभे राहून सांगत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हे सारे समजे; पण त्या मुद्दाम हळूहळू समजून घेत. "ह्यायचं मौन असलं का माहे कान दुखतात," असे त्या मला कणीक मळता मळता सांगत.

एका हिवाळ्यात ते वळकटी बांधून लोणारला गेले. सरोवराकाठच्या झाडीत महिनाभर एकांतात राहणार होते. आठवडा व्हायच्या आत परत आले. पाण्याचा वास, माकडे आणि मोर यांबद्दल त्यांची तक्रार होतीच, पण खरे भांडण झाले होते ते दुसऱ्या एका साधकाशी, झाडाच्या सावलीवरून. "जागा बरी हाय, मास्तर," ते म्हणाले, "पन तिथं शांत व्हायले लोकं लई येतात."

पुढच्या उन्हाळ्यात काकू पाण्याची घागर घेऊन येता येता दारातच कोसळल्या. लकव्याने उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. एकच शब्द तेवढा राहिला, "नाही." पाणी हवे असले तरी नाही, नको असले तरी नाही. डॉक्टर म्हणाले, असे होते कधीकधी, धीर धरा. ज्यांना बाजारात कोणी नाही म्हणायला धजत नसे, त्या घरमालकांना दिवसभर हा एकच शब्द ऐकावा लागू लागला. मूलबाळ नव्हते. शेजारणी चार दिवस आल्या, मग आपापल्या संसाराला लागल्या. घरमालक चुलीपुढे बसले. त्यांची पहिली भाकरी मी खाल्ली आहे. तिच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही.

सुरुवातीला ते चिडत. "पानी? नाही? चहा? नाही? मंग काय पाह्यजे तुले?" एकदा असेच ओरडले, आणि काकूंच्या डोळ्यांतून नुसते पाणी आले. घरमालक पुढे झाले. काकूंच्याच पदराने त्यांचे तोंड पुसून तिथेच खाली बसले आणि बराच वेळ काकूंच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून ते ऐकायला शिकले. पाण्याचे "नाही" आखूड असते, उशी सरकल्याचे जरा वर चढते, आणि वेणी घट्ट झाल्याचे तर चक्क रागाचे असते, हे त्यांनीच मला समजावले. वेणी तेच घालत. वाकडी येई. काकू अर्ध्या तोंडाने हसत आणि "नाही, नाही" म्हणत, तेव्हा घरमालक खूश होऊन मला सांगत, "पाह्यलं? हे हासन्याचं होय."

ओसरीवरची घोंगडी कधी उचलली गेली ते माझ्या ध्यानात आले नाही. एकदा मी सहज विचारले, "काका, ध्यान सोडलं का?" ते काकूंचे लुगडे पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "शांत व्हायले येळ कोनाले हाय, मास्तर?"

माझी बदली डोणगावला झाली. काही वर्षांनी कामानिमित्त नांदुऱ्याला गेलो, तेव्हा काकू जाऊन वर्ष होत आले होते. घरमालक घरी नव्हते. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची वाचा गेली होती, त्याच्याकडे होते. म्हाताऱ्याची सून म्हणाली, "काय पाह्यजे थे आमाले समजत नाही, काकाले समजते." घरमालक खाटेशी बसून त्याच्या घशातले घरघरणे ऐकत होते. काही वेळाने त्यांनी उठून खिडकी उघडली. म्हातारा निवांत झाला.

मला पोहोचवायला ते बसच्या थांब्यापर्यंत आले. "तुमचं कसं चालू हाय, मास्तर?" त्यांनी विचारले आणि ते थांबले. "बरं आहे" म्हणून मी मोकळा होणार होतो. पण ते माझ्याकडे पाहतच राहिले, आणि काय झाले कोण जाणे, माझी आई नुकतीच गेली होती ते मी सांगू लागलो. ते मी तोवर कोणाशी धड बोललो नव्हतो. मध्येच बस आली. मी पिशवी उचलली, तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"जाऊ द्या हे गाडी," ते हळूच म्हणाले. "दुसरी येईन. तुमी बोला."